भोकाचा पैसा

सूरच्या खाडीपलीकडे, आमच्या शेडमध्ये
हमूद बिन नासरची बेडफर्ड आली
ओढून आणलेली नव्हे, स्वतःच्या चाकांवर,
बॉनेट गलबताच्या दोरानं आवळलेलं.
गाठ अशी, की ती सोडवेपर्यंत
माझा चहा गार झाला.
"किती वर्षं झाली या दोराला?"
म्हातारा बोटं मोजू लागला,
मग मोजणं सोडून हसला.

दुपारचे बारा. पत्र्याला हात लावला तर
तळहाताचा पापड.
कुन्हालीनं ओलं गोणपाट टाकलं,
वाफ निघाली, आम्ही कामाला लागलो.

डावी बिजागरी नुसती रुसलेली,
रात्रभर डिझेलमध्ये ठेवली, सकाळी बोलायला लागली.
उजवी मात्र समुद्राच्या अंगाची,
खाऱ्या वाऱ्यानं चाळीस उन्हाळे चाटलेली.
पिनेला मधोमध कंबर आलेली,
भोक लांबट, अंड्यासारखं.
बॉनेट मिटताना एका खांद्यानं पुढे यायचं
आणि खटका जागेवर बसायचाच नाही.
आजवर ज्यानं त्यानं खटकाच ठोकला.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पिन तिसऱ्या घावाला सुटली
आणि ग्रीसच्या काळ्या लगद्यातून
काहीतरी घरंगळत गेलं,
कुन्हालीच्या चपलेला टेकून आडवं झालं.
वॉशर समजून उचललं,
अंगठ्यानं पुसलं.

भोकाचा पैसा.

मुकुट झिजलेला, सनातले शेवटचे दोन आकडे शिल्लक.
माझ्या करगोट्यात असाच एक ओवला होता,
आई सांगायची.

"हा कोणी घातला?"
हमूदनं मान तिरकी केली.
"वडिलांच्या वेळी एक हिंदी होता.
लाँचमधून उतरला, तीन महिने राहिला.
पाण्याचा पंप, शिलाईचं मशीन, ही गाडी,
सगळं चालतं करून गेला.
नाव? आम्ही त्याला बंबई म्हणायचो."

बंबई म्हणजे वेंगुर्लं असेल, मांडवी असेल,
हर्णै किंवा दाभोळ,
वाटेत कुठंतरी पाण्यात पडलेलं.
मलाही इथं सगळे राजू म्हणतात.
भार्गव फक्त पासपोर्टात.

पण हात पक्का होता गड्याचा.
भोक नेमकं पिनेएवढं वाढवलेलं,
कडेला कानशीचे ओरखडे,
सगळे उलट्या बाजूनं तिरके.
डावखुरा असावा.
एवढाच त्याचा पत्ता.

मग लेथवर नवी पिन काढली,
अंड्याचं पुन्हा गोल केलं, आत बुश ठोकला.
खटक्याची झिजलेली जीभ वेल्डिंगनं भरली,
कानशीनं उतरवत, बसवून बघत, पुन्हा उतरवत
दुपार गेली.
स्प्रिंग एका भंगार पिकअपच्या सीटमधली.
वॉशरांनी डबा भरला होता, नवे, चकचकीत.
एक हातात घेतला
आणि पैसाच घातला.
मापात बसत होता म्हणून.
दुसरं कारण मला विचारू नका.

बॉनेट सोडलं.
खट्.
एकदाच, जाडसर,
हिशेबाची वही मिटावी तसं.

हमूद दचकला. "याला काय म्हणतात तुमच्याकडे?"
"खटका."
"खतका," तो म्हणाला. त्याच्या जिभेत ट नाही.
"भांडणालाही हेच म्हणतो आम्ही," मी सांगितलं,
"माणसा-माणसांत खटके उडतात."
"उडतात?" त्यानं बॉनेटवर हात ठेवला.
"मग बसतात कधी?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.
थोरल्या भावाचा नंबर पाठ आहे अजून.
मी पाने पुसत राहिलो.

त्यानं पैसे मोजले, दोन रियाल कमी,
चालतं म्हटलं.
मग सीटखालून दोर काढला
आणि नव्या खटक्यावरून, सवयीनं,
तीच गाठ मारली.

मी काही बोललो नाही.
गाठही चांगलीच होती.